तुझ्या पिंजऱ्यातले उंदीर

कानाझावा
२८ जानेवारी १९७३

प्रिय तोशिए,

पत्राच्या सुरुवातीला ऋतूबद्दल दोन ओळी लिहायच्या असतात असं आपल्याला शाळेपासून शिकवलं आहे, तर त्या दोन ओळी घे. बर्फ पडतो आहे. कालही पडत होता. झालं.

तुझ्या आईंच्या खुब्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून बरं वाटलं. खरंच वाटलं. मी तिरकं बोलते म्हणून माझ्या प्रत्येक वाक्यात तिरकं शोधत बसू नकोस. त्यांना माझा नमस्कार सांग. तू पाठवलेलं मुळ्याचं लोणचं पोचलं. पाकिटावर ‘इकुको-सान आणि सर्वांसाठी’ असं लिहिलं होतंस, त्यामुळे सर्वांनी ते माझ्या आधीच फोडलं आणि इकुको-सानच्या वाट्याला दोन काप आले. चव चांगली होती. दोन कापांत जेवढी कळते तेवढी.

इथलं विचारलं आहेस म्हणून सांगते. तू गेल्यापासून प्रयोगशाळेत घरातलं लहान मूल आजोळी गेल्यासारखी अवकळा आहे. मुराई सेन्सेई सकाळी दार उघडतात, आधी तुझ्या रिकाम्या टेबलाकडे बघतात, मग माझ्याकडे वळून म्हणतात, “अरे हो, इकुको-सान आहेत.” चौदा वर्षं आहे मी सेन्सेई! ह्या खोलीतला स्टोव्हसुद्धा माझ्यानंतर आला! पण हे मी मनात म्हणते. तोंडाने म्हणते, “चहा ठेवू का?”

आणि ते तोकुडा-सान. पिंजरे धुता धुता रोज एकच प्रश्न, “तोशिए-सानचं पत्र आलं का?” काल मी म्हटलं, “तोकुडा-सान, तुम्हाला प्राणिघराचा पगार मिळतो की टपालखात्याचा?” तर म्हणतात कसे, “प्राणिघर कुठे मला तांदळाची चिकट मोची पाठवतं?” म्हणजे त्यांना वेगळं पाकीट आलं होतं तर! मोचीचं! बरं. असू दे. माझे दात तसेही नाजूक आहेत.

तुझे उंदीर. जाताना तू इतक्यांदा बजावलंस की मला झोपेतही पाठ म्हणता येईल, तरी एकदा लिहून टाकते, म्हणजे उद्या वाद नको. डावीकडच्या पिंजऱ्यातल्या दहा उंदरांना तू तुझे ते गळा सुजवणारे जंतू, गरम करून अर्धमेले केलेले, तीनदा टोचून गेलीस. उजवीकडच्या दहांना नुसतं मिठाचं पाणी. तू आगगाडीत बसलीस आणि त्यानंतर दोन्ही पिंजऱ्यांतल्या उंदरांना कॅन्सरच्या पेशी मी टोचल्या. आधी उजवा पिंजरा, मग डावा. कातडीखाली सुई सरकवली की वर डाळीएवढा फुगा यायला हवा आणि सुई काढताना थेंबही बाहेर येता कामा नये. आला नाही. एक उंदीर झाला की बाटली हातात गोल फिरवायची, नाहीतर पेशी तळाशी बसतात आणि शेवटच्यांना नुसतं पाणी मिळतं, हे ह्या इमारतीत मीच सगळ्यांना शिकवलं आहे. तुलाही. तू पहिल्या वर्षी फिरवायची विसरायचीस आणि सगळ्यांना ते गोड वाटायचं.

गाठी आल्या आहेत. अगदी वेळेवर. काळजी करण्यासारखं काही नाही, सगळं नेहमीसारखं आहे. तू आईंकडे लक्ष दे.

सोबत पार्सल आहे. सेन्सेईंच्या पत्नीने तुझ्यासाठी मफलर विणला आहे आणि तो पाठवायचं काम माझ्यावर आलं. निळा आहे. निळा रंग मलाही बरा दिसतो असं लोक म्हणायचे. लोक म्हणजे माझी आई. मी तो एकदा गळ्यात घालून बघितला हे तुला कळेलच, माझा एक केस त्यात अडकला आहे आणि निघता निघत नाही.

सावकाश ये. अजिबात घाई करू नकोस.

इकुको

*

कानाझावा
१४ फेब्रुवारी

प्रिय तोशिए,

तुझं सात पानी पत्र आलं. बर्फ आहेच.

आधी तुझी बातमी. आई आता काठीशिवाय चालणार नाहीत, तुमच्या सराईला मालकीण हवी, गरम झऱ्यावर येणारे जुने पाहुणे ‘धाकट्या मालकीणबाई कधी येणार’ म्हणून विचारतात, आणि दारूच्या भट्टीवाल्यांचा धाकटा मुलगा तुमचं आडनाव लावून घरजावई व्हायला तयार आहे. उंच आहे. गातो बरा. आईंना उचलून गरम पाण्याच्या कुंडापर्यंत नेतो आणि वर त्यांना हसवतो. हे सगळं तू असं लिहिलंस जणू तुझ्यावर दरड कोसळली आहे!

तुझं असं कसं गं? मी अडतीस वर्षांची झाले. मला बघायला आजवर दोघं आले. एकाने माझ्या हातांना उंदरांचा वास येतो का असं विचारलं. दुसऱ्याने विचारलं नाही, पण जाताना मोजे झटकून गेला. आणि तुला इकडे निळे मफलर, तिकडे उंच नवरा. मी रागावले नाही. मी फक्त लिहिते आहे.

पुढे तू लिहिलं आहेस ते मी चारदा वाचलं. इथे उतरवते, म्हणजे माझ्या डोळ्यांपुढे राहील. “इकुको-सान, गाठी दोन्ही पिंजऱ्यांत आल्या का? तुम्ही नुसतं ‘आल्या’ म्हणता. पंधरा मार्चला चांगला दिवस आहे, ते लोक लग्न ठरल्याच्या भेटवस्तू घेऊन येणार. एकदा घेतल्या की मागे फिरणं नाही. माझ्या जंतूंच्या कामात थोडासा जरी जीव असेल तर मी आईच्या पाया पडून नाही म्हणेन आणि परत येईन. नसेल तर सराईच्या चाव्या कमरेला लावते आणि पुन्हा विषय काढत नाही. बाकी सगळे मला बरं वाटावं म्हणून बोलतील. तुम्ही नाही बोलणार. म्हणून तुम्हाला विचारते.”

काय उत्तर देऊ? गाठी म्हणजे गाठी. त्या येतात, वाढतात, उंदीर खंगतो आणि मरतो. चौदा वर्षं मी हेच बघत आले. उजवीकडचे आता धड उठतही नाहीत, त्यांच्या पाठीवर गाठी अशा आहेत की कातडी चकाकते. जंतू टोचून शरीराला जागं करायचं आणि जागं झालेल्या शरीराने कॅन्सरला हाकलायचं, ऐकायला छान आहे. सेन्सेईंना तू ते पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा ते चहा प्यायचे थांबले होते. मी काहीही सांगितलं तरी ते चहा पीतच राहतात.

विषय बदलते. सराईत वाईट ते काय? गरम पाणी, ताजं जेवण, पाहुणे वाकून नमस्कार करतात. इथे तुला काय मिळणार होतं? एप्रिलपासून व्याख्यात्याची जागा निघते आहे असं सेन्सेई परवा म्हणाले. एकच जागा. म्हणताना ते माझ्याकडे बघत होते की माझ्यामागच्या तुझ्या टेबलाकडे, हे मला कळलं नाही, आणि मान वळवून बघायची लाज वाटली.

तुझी ती कानतुटकी उंदरीण मला चावली. तुझ्या हातात मांजरीच्या पिलासारखी बसायची, माझ्या मात्र अंगठ्याचा लचकाच तोडला. लठ्ठ झाली आहे, दिवसभर पिंजऱ्यात उड्या मारते, भुसा सगळा जमिनीवर. हे वाक्य खोडायला हवं होतं. शाईने लिहिलं आहे, आता राहू दे.

चाव्या घे तोशिए. आईंचं वय झालं आहे. माणसाने घरचं बघावं. मी तुझ्या भल्याचंच सांगते आहे.

तुझी हितचिंतक,
इकुको

*

कानाझावा
१२ मार्च

तोशिए,

आज ऋतूबद्दल काही लिहीत नाही. हे पत्र उभ्या उभ्या फोड, कुठेही वाच, पण शेवटपर्यंत वाच.

डाव्या पिंजऱ्यात गाठी आल्याच नाहीत.

दहातल्या आठ उंदरांना काहीही नाही. दोघांना आल्या त्या मुगाएवढ्या, वाढायचं नाव नाही. मी पहिलं पत्र लिहिलं तेव्हाही मला हे माहीत होतं. ‘गाठी आल्या आहेत’ हे उजव्या पिंजऱ्यापुरतं खरं होतं आणि मी ते तेवढ्यापुरतंच लिहिलं. मग तू सरळ विचारलंस तेव्हा दुसऱ्या पत्रात मी सरळ फसवलं. डावीकडच्या कानतुटकीच्या उड्यांवरून तुला संशय आला असेल. आला असला तरी तू मला परत विचारलं नाहीस. तुझा माझ्यावर विश्वास, हेही मला सहन होत नाही.

त्या सकाळी काय झालं ते सांगते. डाव्या पिंजऱ्यातला पहिला उंदीर उचलला, बोटाने पाठ चाचपली, सपाट. दुसरा, सपाट. पाचव्यापर्यंत माझे कान गरम झाले होते. मी आनंदाने ओरडायला हवं होतं ना? कॅन्सरच्या प्रयोगशाळेत काम करते, आणि समोर कॅन्सर न झालेले उंदीर! मी मात्र भुशाच्या पोत्यावर बसले. हिचं खरं निघालं, एवढंच डोक्यात. हिचंच कसं खरं निघालं? ही विसराळू, ही उशिरा येणारी, उंदरांशी बाळबोलीत बोलणारी, हिचं?

मग सेन्सेईंनी विचारलं. “डाव्या पिंजऱ्याचं काय?” आणि मी म्हटलं, “सेन्सेई, तो पिंजरा मी नंतर टोचला. बाटली फिरवायची राहिली असेल. पेशी तळाशी बसल्या असतील.”

ऐकलंस? मी हे म्हटलं. माझ्या तोंडाने, माझ्याच हाताबद्दल. तुला माहीत आहे हा हात माझ्यासाठी काय आहे. माझ्याकडे रूप नाही, बोलणं नाही, तुझ्यासारख्या कल्पना सुचत नाहीत. हा एक हात आहे. तुझं खरं ठरू नये म्हणून मी तोसुद्धा देऊन टाकला. सेन्सेई म्हणाले, “होतं असं. हातालाही वय असतं इकुको-सान.” आणि चहा प्यायला लागले. तोकुडा-सानना निरोप गेला की हा प्रयोग फसला, महिनाअखेर दोन्ही पिंजरे संपवून टाका.

इथपर्यंत ठीक चाललं होतं. म्हणजे माझ्या बाजूने ठीक. तुझ्याकडे चाव्या जाणार, माझ्याकडे जागा येणार, डावा पिंजरा रिकामा होणार, आणि कुणाला काही कळणार नव्हतं.

मग प्राण्यांची पुण्यतिथी आली. प्राणिघरामागच्या त्या दगडापुढे नेहमीप्रमाणे बर्फ बाजूला करून उदबत्त्या लावल्या. भाजलेली रताळी, सूर्यफुलाच्या बिया, वर्षभरात आपण मारलेल्या उंदरांच्या आवडीचं सगळं. भिख्खूंनी मंत्र म्हटले. सगळे ओळीने हात जोडून उभे, शेजारच्या विभागातले डॉक्टरसुद्धा. मंत्र संपले आणि सेन्सेईंनी दरवर्षीप्रमाणे दोन शब्द बोलायला घसा साफ केला. ह्या जिवांचे आपल्यावर उपकार आहेत वगैरे. आणि मग हसून म्हणाले, “ह्या वर्षी मात्र आठ जणांना इकुको-सानच्या सुईने अभयदान दिलं. त्यांच्या वतीने आपण इकुको-सानचेही आभार मानू या.”

सगळे हसले. भिख्खू हसले. तोकुडा-सान हसले, आणि त्यांना तर विनोद कळलाही नव्हता. शेजारच्या विभागातला तो कालचा पोरगा, ज्याला मी सुई धरायला शिकवलं, तो तोंडावर हात धरून हसला.

माझा असा तिळपापड झाला तोशिए! तिथेच रताळं उचलून फेकावंसं वाटलं. पण मी वाकून नमस्कार केला. ‘आभारी आहे’ म्हटलं. आणि तिथून थेट प्राणिघरात जाऊन तोकुडा-सानना सांगितलं, “डावा पिंजरा मारायचा नाही.”

“पण सेन्सेई म्हणाले...”

“सेन्सेईंना मी बघते. तुम्ही पाण्याच्या बाटल्या भरा.”

“कोणासाठी ठेवायचे हे? तोशिए-सानसाठी?”

“माझ्यासाठी!” मी इतक्या जोरात ओरडले की सशांनी कान टवकारले.

मग मी जे केलं ते तुझ्या आराखड्यात नव्हतं. त्या आठ उंदरांना मी पुन्हा त्याच कॅन्सरच्या पेशी टोचल्या. ताज्या, आधीच्या दुप्पट. आणि ह्या वेळी क्रम उलटा केला. आधी तुझे आठ, आणि सगळ्यांत शेवटी, बाटलीत जे उरलं त्याने, नवे कोरे उंदीर, ज्यांना कधीच काही टोचलेलं नव्हतं. म्हणजे बाटलीचं कारण कुणाला सांगता येऊ नये. हे मी तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. मला बघायचं होतं. गाठी आल्या तर पहिल्यांदा माझा हात चुकला होता हे सिद्ध, पण तूही खोटी ठरतेस. नाही आल्या तर हात बरोबर, पण तू खरी. दोन्हीकडून माझंच नाक कापलं जाणार होतं, आणि तरी मला ठाऊक होतं मला काय हवं आहे. मला गाठी हव्या होत्या.

रोज कामावर येताना मी पुलाजवळच्या देवळात थांबायचे. घंटा वाजवून टाळ्या द्यायचे आणि डोळे मिटून मागायचे, त्या उंदरांना गाठी येऊ देत. कुणी देवाकडे गाठ मागतं का गं? एकदा बाजूला एक म्हातारी नातवाच्या परीक्षेसाठी पुटपुटत होती. मी तिच्या शेजारी उभी राहून कॅन्सर मागत होते.

नव्या उंदरांना गाठी आल्या. सगळ्यांना, अगदी शेवटच्यालाही, टपोऱ्या.

तुझ्या आठांना नाही. पाठी सपाट. कानतुटकीच्या पाठीवर टोचलेल्या जागी जरा लाल झालं होतं, तेही दोन दिवसांत गेलं. जंतू टोचून महिने झाले, तुझे जंतू कधीच त्यांच्या अंगातून गेले असणार, पण शरीर विसरलं नाही. घरात चोर शिरला म्हणून सगळे जागे झाले आणि जागे झाल्यावर त्यांना कोपऱ्यात फुकट राहणारा पाहुणाही दिसला, आता तो परत आला तर दारातूनच हाकलतात. हे असं तूच सांगितलं होतंस आम्हाला, बर्फावर बसून भाजलेलं रताळं खाताना, आणि मी म्हटलं होतं, तोंडात घास असताना बोलू नये.

मी त्या दिवशी प्राणिघरात रडले. उंदरांसाठी नाही, रोग्यांसाठी नाही, तुझ्यासाठी तर नाहीच नाही. हा प्रश्न मला का सुचला नाही म्हणून रडले. चौदा वर्षं मी कॅन्सर वाढवण्यात हात इतका बसवला की तो माझ्या हातून कधी चुकत नाही. आणि तू येतेस, तिसऱ्याच वर्षी विचारतेस, ‘वाढायलाच दिला नाही तर?’ इतकं साधं! हे सुचायला काय लागतं? माझ्याकडे काय नाही?

डोळे पुसले आणि सेन्सेईंकडे गेले. म्हटलं, “माझा हात चुकला नव्हता.” सगळं समोर मांडलं. दोन्ही वेळचं, क्रमासकट. सेन्सेई स्वतः प्राणिघरात आले, स्वतः पाठी चाचपल्या. मग सगळ्यांसमोर माझी माफी मागितली, चांगली वाकून. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा चहा गार झाला, आणि तो माझ्यामुळे.

मग म्हणाले, “एप्रिलमध्ये टोकियोच्या परिषदेत हे सांगितलंच पाहिजे. तोशिए-सान तर लग्न करून तिकडेच राहणार ना?”

मी म्हटलं, “बहुतेक.”

“मग तुम्हीच बोला. दुसऱ्यांदा टोचून बघण्याचं तुम्हालाच सुचलं, निर्णायक तेच आहे. आणि त्या जागेचंही मी तुमचं नाव पुढे करतो. खरं तर आधीच करायला हवं होतं.”

हे चार दिवसांपूर्वीचं. ह्या चार दिवसांत मी करड्या रंगाचा सूट इस्त्रीला दिला. आरशापुढे उभी राहून भाषण म्हटलं. चांगलं झालं. तुझी जंतू गरम करायची रीत मला तुझ्यापेक्षा चांगली येते, कुठलाही प्रश्न आला तरी मी अडणार नाही. हे मुद्दाम लिहिते, म्हणजे मी गरजेपोटी बोलावते आहे असं तुला वाटायला नको. मला तुझी काडीची गरज नाही. सेन्सेई काल दार उघडून आत आले आणि म्हणाले, “इकुको-सान, सुप्रभात.” बस, तेवढंच. कुठे दुसरीकडे न बघता.

चौदा वर्षं मी ह्याच सकाळची वाट बघत होते. पण मला तू दिसायला लागलीस. सराईच्या दारात गुडघ्यांवर बसून पाहुण्यांच्या चपला सरळ लावताना. आणि तुझ्या डोक्यात, की माझे जंतू फुकट गेले, इकुको-सान खोटं बोलणार नाहीत, त्या म्हणाल्या म्हणजे तसंच. हे चित्र डोळ्यांपुढे आलं की मला आनंद व्हायला हवा होता. आधी झालाही. खोटं कशाला बोलू, फेब्रुवारीभर झाला, मी त्या आनंदावर जेवले. आता होत नाही. मी प्रयत्न करून पाहिला. परवा मुद्दाम खेकडा आणून जेवायला बसले, होत नाही.

मी सुधारले असं समजू नकोस. तुझा निळा मफलर आठवला तरी अजून माझा हात रिकाम्या गळ्याकडे जातो. तू आलीस तर टोकियोला तू बोलशील, जागा तुला मिळेल, लोक उठून तुझ्याशी बोलायला येतील आणि मी मागे पडद्यावर दाखवायच्या चित्रांचा खोका धरून उभी असेन. ह्यातलं काहीही मला नको आहे. तू आली नाहीस तर सगळं माझं. तू परत येऊ शकतेस हे सेन्सेईंना मी अजून कळवलेलं नाही, ते तू ठरवल्यावर कळवेन. पण ठरवताना तुला ठाऊक असायला हवं की तुझं खरं होतं. पहिल्यापासून खरं होतं. उंच नवरा हवा तर घे, चाव्या हव्या तर घे, पण फसलेला प्रयोग म्हणून घेऊ नकोस.

पंधरा तारखेला ते लोक येतील. निइगाताच्या पुढे, तुमच्या बाजूला, अजून बर्फ आहे, परवाच दोन गाड्या रुळांवर अडकून पडल्या असं रेडिओवर सांगत होते. टपालही अडकतं म्हणे. अडकलं तर तो माझा दोष नाही.

मी अगदी मनापासून मागते आहे की हे पत्र तुला उशिरा मिळावं. म्हणूनच ते तातडीच्या टपालाने पाठवते आहे.

तुझ्यावर आजही जळणारी,
इकुको